कलकत्त्याचा धावपटू, हॉलिवुडचा मेजर

ऑलिंपिक सामन्यांत भारताला पहिले वैयक्तिक पदक कोणी मिळवून दिले, असा प्रश्न कऱ्हाड-कोल्हापूरकडच्या माणसाला विचारून पाहा. प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर येईल, “आमच्या खाशाबानं!” उत्तर बरोबरच आहे. पण जाणकार माणूस ते देताना एक शब्द जपून घालतो. खाशाबा जाधव हे ‘स्वतंत्र’ भारताचे पहिले वैयक्तिक पदकविजेते, असे तो म्हणतो.

हा एवढासा शब्द तिथे कशासाठी येऊन बसला? त्या शब्दाच्या आड एक गोरा गृहस्थ उभा आहे. कलकत्त्याच्या मैदानावर तो धावला, पॅरिसला दोनदा दुसरा आला आणि पुढे नाव बदलून हॉलिवुडच्या रुपेरी पडद्यावर चमकला. त्याचे जन्मनाव नॉर्मन प्रिचर्ड.

मैदानावरचा साहेब

इंग्रज आईबापांचा हा मुलगा कलकत्त्यात जन्मला आणि तिथल्या सेंट झेवियर्स कॉलेजात शिकला. शंभर यार्डांच्या शर्यतीत १८९४ पासून १९०० पर्यंत, ओळीने सात वर्षे, बंगालचे अजिंक्यपद त्याने कुणाला घेऊ दिले नाही. अडथळ्यांच्या शर्यतीतही तो तितकाच तरबेज होता.

धावणाऱ्याचे पाय फुटबॉलला वर्ज्य थोडेच असतात? १८९७ साली त्याने सेंट झेवियर्सकडून खेळताना शोभाबाजार क्लबविरुद्ध एकाच सामन्यात तीन गोल मारले. हिंदुस्थानातल्या खुल्या स्पर्धेतली ही पहिली ‘हॅट-ट्रिक’, अशी तिची नोंद सांगतात. आणि हा शोभाबाजार म्हणजे काही ऐरागैरा संघ नव्हे! १८९२ साली ईस्ट सरे रेजिमेंटच्या गोऱ्या सोजिरांना हरवून साऱ्या बंगालची मान ताठ करणारा तो देशी क्लब.

पॅरिसचा उन्हाळा

१९०० साली प्रिचर्ड विलायतेला गेला. त्याला हिंदुस्थानातून कुणी निवडून पाठवले नव्हते, कारण निवडणारी संस्थाच इथे नव्हती. जुलैच्या आरंभी लंडनच्या अजिंक्यपद स्पर्धेत अडथळ्यांच्या शर्यतीत तो दुसरा आला आणि तिथून पॅरिसला पोचला.

तो काळ आजच्या डोळ्यांनी पाहू नका, वाचकहो. पॅरिसमध्ये त्या साली प्रचंड जागतिक प्रदर्शन भरले होते आणि ऑलिंपिक सामने म्हणजे त्या प्रदर्शनाचे शेपूट. गावच्या जत्रेत कुस्त्यांचा फड असावा, तशातला प्रकार! मेपासून ऑक्टोबरपर्यंत सामने रेंगाळत चालले. धावण्याच्या शर्यती बुलोन्यच्या वनराईत, हिरवळीवर आखलेल्या पट्ट्यावर झाल्या. बाजूला झाडे इतकी, की थाळीफेक करणाऱ्यांची थाळी फांद्यांत जाऊन आदळे. सुवर्ण, रौप्य आणि कांस्य अशी पदके देण्याची पद्धतही तेव्हा नव्हती. ती १९०४ पासूनची. प्रिचर्डची ‘रौप्यपदके’ ही मागाहून मांडलेल्या हिशेबातली आहेत.

पण शर्यत मात्र खरीखुरी होती. १६ जुलैला दोनशे मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत त्याची गाठ पडली ती अमेरिकेच्या अल्विन क्रेन्झलाइनशी. पुढचा पाय सरळ ताणून, धावण्याची लय न मोडता अडथळा ओलांडण्याची आजची रीत याच क्रेन्झलाइनने रूढ केली. त्याने त्या एका ऑलिंपिकमध्ये चार शर्यती-स्पर्धा जिंकल्या. अशा माणसाच्या मागे दुसरे येणे ही काही नामुष्की नव्हती! २२ जुलैला साध्या दोनशे मीटर शर्यतीत अमेरिकेचाच वॉल्टर ट्युक्सबरी पहिला आला, आणि पुन्हा दुसरा प्रिचर्ड. एकशेदहा मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत त्याने अंतिम फेरी गाठली, पण ती त्याला पुरी करता आली नाही.

नाव बदलले, नशीब बदलले

पॅरिसहून परतल्यावर त्याने १९०० ते १९०२ या काळात इंडियन फुटबॉल असोसिएशनचे चिटणीसपद सांभाळले. पुढे बाकीचे साहेब करीत तसा व्यापार-उदीम करून तो सुखाने राहिला असता. पण १९०५ साली त्याने कलकत्ता सोडले ते कायमचे. इंग्लंडात गेल्यावर त्याला रंगभूमीने ओढले आणि प्रिचर्ड आडनाव मागे टाकून तो ‘नॉर्मन ट्रेव्हर’ झाला. लंडनच्या रंगभूमीवरून न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर आणि तिथून मूकपटांच्या दुनियेत, असा त्याचा प्रवास झाला.

वय पन्नाशीकडे झुकलेले. नायकाच्या भूमिका तरुणांच्या वाट्याच्या. ट्रेव्हरला मिळत त्या भारदस्त भूमिका: सरदार, लष्करी अधिकारी, श्रीमंत घरचा कर्ता पुरुष. १९२६ च्या ‘डान्सिंग मदर्स’मध्ये तो क्लारा बो या अवखळ नटीचा बाप झाला. त्याच वर्षीच्या ‘बो जेस्ट’मध्ये त्याने मेजर द बोजोले रंगवला. वाळवंटातल्या एका किल्ल्याकडे कुमक घेऊन मेजर येतो; तटावर शिपाई बंदुका रोखून उभे दिसतात; जवळ जाऊन पाहतो तो सगळे मेलेले! चित्रपटाचा सारा रहस्यभेद या दृश्यापासून सुरू होतो, आणि प्रेक्षकांना त्या किल्ल्यात घेऊन जाणारा माणूस म्हणजे आपला कलकत्त्याचा धावपटू.

इथे दैवाने एक क्रूर थट्टा केली. १९२७ नंतर बोलपट आले. मूकपटांतल्या कित्येक तारका आवाजापायी मागे पडल्या आणि निर्मात्यांना रंगभूमीवर तयार झालेले, स्वच्छ वाणीचे नट हवेसे झाले. ट्रेव्हरची घडण तर रंगभूमीवरच झालेली! आता खरे त्याचे दिवस येणार, तोच मेंदूच्या विकाराने त्याला गाठले. १९२९ च्या ऑक्टोबर अखेरीस कॅलिफोर्नियात त्याचा अंत झाला.

पदक कुणाचे?

माणूस गेला, पण त्याच्या दोन पदकांचा वाद उरला. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समिती ती भारताच्या खाती मांडते. ब्रिटिश संशोधक म्हणतात की लंडनच्या स्पर्धेनंतर तो ब्रिटनच्या बाजूनेच पॅरिसला उतरला. आंतरराष्ट्रीय अॅथलेटिक्स संघटनेने २००५ साली प्रसिद्ध केलेल्या आकडेवारीतही तो ब्रिटनचा दाखवला आहे.

आपण काय म्हणावे? खरे सांगायचे तर त्या दोन पदकांसाठी या देशाने घाम गाळला नाही की दमडी मोजली नाही. हिंदी संघ ऑलिंपिकला जाण्यास १९२० साल उजाडावे लागले. पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावर अनवाणी धावणारी शेतकऱ्यांची पोरे पाहून दोराबजी टाटांच्या मनाने घेतले, आणि अँटवर्पला संघ रवाना झाला. त्यात बेळगावचा फडेप्पा चौगुले मॅरेथॉन धावला.

आणि खाशाबा? गोळेश्वरच्या या पैलवानाला १९५२ साली हेलसिंकीला जाण्यासाठी वर्गणी गोळा करावी लागली. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी त्याच्यासाठी राहते घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. त्या कांस्यपदकात एका गुरुजींचे घर आहे आणि साऱ्या पंचक्रोशीची पै-पै आहे. ‘स्वतंत्र’ हा शब्द तिथे शोभतो तो एवढ्यासाठी.

म्हणून प्रिचर्डला परका म्हणून लोटायचे काय? मला तसे वाटत नाही. तो जन्मला इथे, धावायला शिकला इथे, आणि आपल्या मैदानाने घडवलेले पाय घेऊनच पॅरिसला गेला. शिवाय त्याची बरोबरी करायला आपल्याला किती वर्षे लागली, तेही पाहा! मिल्खासिंग १९६० साली आणि पी. टी. उषा १९८४ साली चौथ्या आल्या-गेल्या. धावपट्टीच्या खेळांत पुढचे पदक आले ते २०२१ साली, नीरज चोप्राच्या भाल्याच्या टोकावर. एकाच ऑलिंपिकमध्ये दोन पदके घेण्याची त्याची कामगिरी पुन्हा साधली ती मनू भाकरने, २०२४ साली, आणि योगायोग असा की तीही पॅरिसच्याच सामन्यांत! त्याच सामन्यांत आपल्या कोल्हापूरकडच्या स्वप्नील कुसाळेने नेमबाजीत कांस्यपदक घेतले आणि खाशाबांनंतर बहात्तर वर्षांनी वैयक्तिक पदक पुन्हा मराठी घरात आले.

तेव्हा पदके कुणाच्या खाती मांडायची ते वहीवाले ठरवोत. आपण दोघांचीही आठवण ठेवू. एकाने नाव बदलले आणि तो साता समुद्रांपार हरवला. दुसरा शंभरावर बैलगाड्यांच्या मिरवणुकीतून आपल्या गावी परत आला.