खेळातल्या इंजिनाचा मुक्काम

श्रोतेहो, खेळातली आगगाडी धावू लागली की घरातल्या वडीलधाऱ्यांच्या नजराही तिच्यामागे फिरू लागतात. पण खेळ आटोपल्यावर इंजिन कुठं आणि कसं ठेवलं, हे सहसा कुणी पाहत नाही. अपघात मात्र अशाच वेळी होतात.

टेबलावरच्या गाडीला वीज मिळते ती रुळांतून, बहुधा १२ व्होल्टची. तिथे सायडिंगच्या एका रुळात बारीकशी फट ठेवून त्या तुकड्याला वेगळे बटण देतात. बटण बंद केले की तिथले इंजिन जागचे हलत नाही. मुख्य मार्गावर दुसरी गाडी खुशाल धावू द्या.

बागेतल्या, माणसे बसवून ओढणाऱ्या गाडीची गोष्ट वेगळी. बॅटरी इंजिनाच्या पोटातच असते, तेव्हा रुळातली फट काय कामाची? एखाद्या मुलाचा हात लागला तरी ते चालू पडेल. म्हणून सायडिंगवर आणताच मुख्य स्विच बंद करून किल्ली काढून घ्यावी आणि चाकाच्या दोन्ही बाजूंना लाकडी पाचर सारावी. सायडिंग सपाट हवे. इंजिन सांध्यापासून बरेच आत उभे करावे. लांब डब्याचा कोपरा वळणावर बाहेर झुकतो आणि शेजारी उभ्या इंजिनाला घासतो.

आता चार्जिंग. शिसे आणि गंधकाम्लाची बॅटरी भरत आली की तिच्यातून हायड्रोजन सुटतो. हवेत तो शेकडा ४ झाला की एक ठिणगी पुरते. म्हणून इंजिनाचे झाकण आणि शेडची दारे-खिडक्या उघड्या ठेवा. आधी चिमटे जोडा, मग चार्जर सुरू करा. काढताना आधी चार्जर बंद, मग चिमटे. ही बॅटरी रिकामी पडून राहिली तर आतल्या पत्र्यांवर कठीण थर धरतो आणि ती कायमची अधू होते. तेव्हा खेळ संपल्यावर ती लवकरात लवकर भरावी.

लिथियम बॅटरीची रीत उलटी. ती महिनोन्‌महिने ठेवायची तर अर्धीच भरलेली बरी. तिला तिचाच चार्जर लावा, आणि फुगलेली दिसली तर चार्ज करूच नका. कोणतीही बॅटरी असो, चार्जर लावून झोपी जाऊ नये.

तेव्हा मंडळी, शेडचा दिवा मालवण्यापूर्वी एकदा पाहून घ्या: किल्ली खिशात आहे ना, पाचर जागेवर आहे ना, आणि चार्जर बंद केला ना? मग इंजिनही स्वस्थ राहील आणि आपणही.