शेवटी ‘साइड’ असलेले शब्द

इंग्रजी शब्द पाठ करायचे म्हटले की आपल्याकडे वहीची पानेच्या पाने भरली जातात. डाव्या बाजूला शब्द, उजव्या बाजूला अर्थ. परीक्षा झाली की दोन्ही बाजू कोऱ्या! मी इंग्रजी शिकवतो आणि मुलांना नेहमी सांगतो, शब्द सुटा पाठ करू नका, त्याची भावकी शोधा. एक शब्द कळला की घरातले दहा कळतात.

आज अशाच एका भावकीची ओळख करून घेऊ. या शब्दांच्या शेवटी चार अक्षरे सारखी असतात : सी, आय, डी, ई. पहिली तीन तर टीव्हीवरच्या मालिकेमुळे लहान पोरांनाही पाठ आहेत. त्यांना ‘ई’ जोडा, उच्चार होतो ‘साइड’. हे शेपूट लॅटिन भाषेतून आले. मूळ क्रियापदाचा अर्थ तोडणे, कापून पाडणे, ठार मारणे. शब्दाच्या शेवटी हे शेपूट दिसले की समजावे, इथे कोणीतरी मरणार आहे. कोण, ते शब्दाचा पहिला भाग सांगतो.

आपला बीड जिल्हा कापसाचा. कृषी सेवा केंद्रात गेलो की फळीवर ही सारी भावकी एका रांगेत उभी असते. ‘इन्सेक्ट’ म्हणजे कीटक, म्हणून ‘इन्सेक्टिसाइड’ हे कीटकनाशक. ‘फंगस’ म्हणजे बुरशी, म्हणून ‘फंगिसाइड’ हे बुरशीनाशक. ‘वीड’ म्हणजे तण, म्हणून ‘वीडिसाइड’ हे तणनाशक; त्यालाच ‘हर्बिसाइड’ही म्हणतात. ‘रोडेंटिसाइड’ उंदीर-घुशींसाठी. आणि पिकाला उपद्रव देणारा तो ‘पेस्ट’, म्हणून या सगळ्यांचे सामाईक आडनाव ‘पेस्टिसाइड’.

आपण मात्र या सगळ्याला एकच शब्द वापरतो : औषध. “कपाशीला औषध मारलं,” असे सहज म्हणतो. औषध म्हटले की मनातली भीती जाते. बाटलीवरचे ‘साइड’ मात्र स्पष्ट सांगते की हे मारणारे आहे. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी-शेतमजूर दगावले, ते आपल्याला आठवत असेल. शब्दाचा पहिला भाग वाचणेही तितकेच गरजेचे. टू-फोर-डी हे तणनाशक मारलेला पंप नीट न धुता कपाशीवर चालवला, तर पाने आक्रसतात आणि पीक हातचे जाते. वाचता येत नसेल त्यांनी बाटलीवरचा कोनावर उभा केलेला चौकोन पाहावा. त्यात लाल रंग म्हणजे सर्वांत जहाल विष, मग पिवळा, मग निळा. हिरवा त्या मानाने सौम्य. पण हिरवा म्हणजे निर्धोक नव्हे.

इथे एक सावधगिरी. नुसत्या उच्चारावर जाऊ नका. ट्रकमागे लिहिलेल्या ‘साइड’मध्ये पहिले अक्षर ‘एस’ आहे. ती बाजू, तिचा या भावकीशी संबंध नाही. ‘कोइन्साइड’ म्हणजे दोन गोष्टी एकाच वेळी घडणे. त्यात अक्षरे हीच चार असली, तरी तो ‘पडणे’ या अर्थाच्या वेगळ्या धातूवरून आला आहे. तो भावकीतला नव्हे, नुसता नामसाधर्म्याचा.

आता शेतातून माणसाकडे येऊ. ‘होमिसाइड’ म्हणजे मनुष्यवध. बातम्यांत आपण ‘सदोष मनुष्यवध’ वाचतो, तो हाच. ‘जेनोसाइड’ म्हणजे वंशसंहार. हा शब्द तसा नवा. राफाएल लेमकिन या कायदेपंडिताने तो १९४४ मध्ये ग्रीक आणि लॅटिन जोडून घडवला. इंग्रजीला मारणारी वस्तू आणि मारण्याची कृती या दोन्हींसाठी एकच शेपूट पुरते. मराठी इथे भेद करते : वस्तू असेल तर ‘नाशक’, कृती असेल तर ‘हत्या’.

आणि या हत्येचे दोन शब्द आपल्या जिल्ह्याला चांगलेच ओळखीचे आहेत. पहिला ‘फीटिसाइड’, म्हणजे भ्रूणहत्या. गर्भलिंगनिदानाला बंदी घालणारा कायदा १९९४ चा. तरीही २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलांमागे आपल्या जिल्ह्यात मुली होत्या ८०७, राज्यात सर्वांत कमी. दहा वर्षांपूर्वी हाच आकडा ८९४ होता. दुसरा शब्द ‘सुइसाइड’. ‘सुइ’ म्हणजे स्वतःचा, म्हणून आत्महत्या. विभागीय आयुक्त कार्यालयाच्या नोंदीनुसार २०२३ मध्ये मराठवाड्यात १,०८८ शेतकऱ्यांनी जीवन संपवले. त्यांतले २६९ बीडचे, विभागात सर्वाधिक. मन फार खचले असेल, तर सरकारच्या ‘टेलिमानस’ सेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक दिवसरात्र चालू असतो. तो घरात सर्वांना माहीत असू द्या.

याच भावकीत एक शब्द असा आहे, ज्यात कोणीच मरत नाही. तो म्हणजे ‘डिसाइड’, निर्णय घेणे. शेवटची चार अक्षरे तीच, मूळही तेच. फक्त इथे तोडायचा असतो तो मनातला घोळ. आपण नाही का म्हणत, एक घाव दोन तुकडे! मुलगी होऊ द्यायची, हा निर्णय. फवारणीआधी तोंडाला फडके आणि हातात मोजे घालायचे, हा निर्णय. कर्जाची गोष्ट एकट्याने न सोसता घरात बोलायची, हाही निर्णय. मुलांच्या वहीत या भावकीचे शब्द लिहून द्याल, तेव्हा सर्वांत वर ‘डिसाइड’ लिहा.