जळले, पण किती?

इस्त्री क्षणभर रेंगाळली, शर्टावर तपकिरी त्रिकोण उमटला आणि घरात ओरड झाली, “शर्ट जळला!” इंग्रज मनुष्य इथे ‘बर्न’वर थांबणार नाही. तो म्हणेल, ‘स्कॉर्च’. म्हणजे वरचा रंग गेला, कापड शिल्लक आहे. समईवर वाकताना केसांची टोके चुरचुरली, तर ते ‘सिंज’. गेली ती टोकेच. लाकडाचा कोळसा झाला, की ‘चार’. गंमत अशी, की हे क्रियापद ‘चारकोल’ या जुन्या नामातून सतराव्या शतकात मागाहून निघाले. लेकीच्या पोटी आई जन्मावी तसे! वाफेने वा उकळत्या पाण्याने पोळले, तर ‘स्कॉल्ड’. गरम पाण्याने धुणे, या अर्थाच्या लॅटिन शब्दाचा हा वंशज.

किती गेले आणि किती उरले, याचा हिशेबच हे शब्द देतात.

आपली मराठी तरी कुठे गरीब आहे? दूध करपते, जीभ पोळते, उन्हात माणूस होरपळतो. आणि भाकरी खरपूस होते, तेव्हा तर तो गुणच ठरतो! ‘खरपूस’ला इंग्रजी प्रतिशब्द विद्यार्थ्यांनी विचारला, की मी ‘टोस्टेड’पाशी अडखळतो. त्या शब्दाला चुलीचा वास नाही.

पण घाईत आपण सरसकट म्हणतो, ‘जळले’. त्या एका शब्दाने करणाराचे सारे कष्ट मातीमोल होतात. तेव्हा यंदा चकली जरा लाल झाली, तर तळणारीला ‘जाळलीस’ म्हणण्यापूर्वी एक तुकडा तोंडात टाका. शब्द मागाहून निवडा. बहुधा ती खरपूसच असेल!