पात्याएवढीच फट

विजेच्या चक्री करवतीत पाते टेबलाखाली बसविलेले असते आणि त्याचा केवळ माथा टेबलातील एका लांबट झाकणपट्टीच्या फटीतून वर येतो. ही पट्टी काढता-घालता येते. कारखान्यातून येणाऱ्या पट्टीची फट मुद्दामच ऐसपैस ठेवतात. कारण पाते 45 अंशांपर्यंत कलवावे लागते. सोयीसाठी ठेवलेली ही मोकळी जागाच सरळ कापाला बाधते.

पात्याचे दात सुताराच्या बाजूने वरून खाली उतरतात. ते फळीच्या तळाशी पोहोचतात, तेव्हा लाकडाच्या शेवटच्या तंतूंना खालून आधारच नसतो. मग ते कापले न जाता उचकटतात. अडकित्त्याचे खालचे अंग ढिले असले म्हणजे सुपारी कातरली न जाता फुटते, त्यातलाच हा प्रकार. प्लायवुडचा पापुद्रा आडवा कापताना तर कड पार विस्कटते. याहून वाईट म्हणजे बारीक कापट्या फटीत उतरून पात्याशी अडकतात आणि प्रसंगी माणसाच्या अंगावर भिरकावल्या जातात.

यावर तोडगा म्हणजे पात्याने स्वतःच कापलेली, त्याच्याच जाडीची फट असलेली नवी पट्टी. सुतारकामात तिला ‘झिरो क्लिअरन्स इन्सर्ट’ म्हणतात. मूळ पट्टी चांगल्या प्लायवुडवर ठेवून आकार उतरवावा, रेषेच्या जरा बाहेरून कापावे आणि कानशीने घासत तो तुकडा टेबलाच्या खाचेत हलणार नाही असा बसवावा. त्याची जाडी खाचेच्या खोलीहून किंचित कमी असावी. कोपऱ्यांतील चार स्क्रू फिरवून तो टेबलाच्या सपाटीला आणता येतो. पट्टी उंच राहिली तर फळी तिला अडते.

नवखा माणूस फसतो तो पुढे. 10 इंची पाते पूर्ण खाली नेले तरी पुष्कळ यंत्रांत ते नव्या पट्टीच्या तळाला टेकते आणि पट्टी बसतच नाही. ती हाताने दाबून यंत्र सुरू करणे हा वेडेपणा होय. यंत्राची वीज तोडून तितक्याच किंवा कमी जाडीचे 8 इंची पाते चढवावे आणि पहिला छेद त्याने घ्यावा. दोन्ही वेळा पात्याच्या वाटेपासून दूर एक जाड फळी पट्टीवर आडवी टाकून ती टेबलाला क्लॅम्पने आवळावी, यंत्र सुरू करावे आणि पाते सावकाश वर आणावे. हाताचे तेथे काही काम नाही.

पात्यामागे उभा असणारा रायव्हिंग नाइफ कापलेल्या लाकडाला पात्यावर मिटू देत नाही. नवी फट त्याला अपुरी पडते, म्हणून काहीजण तोच काढून टाकतात. स्वच्छ कडेसाठी बोटे पणाला लावण्याचा हा व्यवहार! हातकरवतीने फट मागे वाढविली की काम भागते. पट्टी उसळू नये म्हणून तिच्या मागच्या कडेत टेबलाखाली अडकेल अशी खिळीही ठोकावी.

फट अरुंद झाल्याने थोडा अधिक भुसा टेबलावर राहतो, तो सोसावा. पात्याची जाडी बदलली की पट्टीही वेगळी लागते. मूळ पट्टी मात्र जपून ठेवावी. पाते कलवायचे झाले म्हणजे तीच पुन्हा बसवावी लागते.