लिस्बनचे तीन दिवस आणि मानुएल दा माया

लिस्बनला जाणारे बहुतेक प्रवासी पहिला दिवस बेलेमला देतात. वास्को द गामाची समाधी असलेला जेरोनिमोस मठ आणि टॅगस नदीच्या पात्रातला बुरूज पाहण्यासारखे आहेतच. पण लिस्बन आज जसे दिसते तसे का दिसते, याचे उत्तर तिथे मिळत नाही. १ नोव्हेंबर १७५५ च्या सकाळी भूकंप, त्यामागून समुद्राची लाट आणि मग कित्येक दिवसांची आग यांनी जुने बंदर संपवले. नव्या शहराचा पाया घालणाऱ्यांत मानुएल दा माया हा लष्करी अभियंता अग्रभागी होता. श्रेय मात्र मंत्री पोंबालच्या वाट्याला गेले. तीन दिवसांच्या सहलीची आखणी मायाच्या कामाभोवती केली, तर हे शहर नीट उलगडते.

त्यासाठी वार जुळवून घ्यावे लागतात. सरकारी संग्रहालये आणि स्मारके सोमवारी बंद असतात, तर कार्मो मठाचे भग्नावशेष रविवारी. मायाने सांभाळलेला राज्याचा दफ्तरखाना कामाच्या दिवशीच उघडा असतो. त्यामुळे रविवार, सोमवार, मंगळवार हा क्रम सोयीचा. भारतीय पासपोर्टवर शेंगेन व्हिसा लागतो. विमानतळावरून मेट्रोची लाल मार्गिका धरावी आणि आलामेदाला हिरवी मार्गिका घेऊन बायशा-शियादोला उतरावे. मुक्काम याच भागात असला, तर पुष्कळशी ठिकाणे पायी होतात. चढ फार असल्याने बूट चांगले हवेत. पावसाळा हिवाळ्यात येतो. वसंत आणि शरद हे ऋतू उत्तम.

रविवारी सकाळी सां जॉर्जचा किल्ला पाहावा. राज्याचे दफ्तर चौदाव्या शतकापासून इथल्या एका बुरुजात होते. त्यावरूनच दफ्तरखान्याला ‘तोर्रे दो तोंबो’ हे नाव पडले. भूकंपात तो बुरूज कोसळला. माया १७४५ पासून या दफ्तराचा प्रमुख होता आणि भूकंपाच्या वेळी त्याचे वय अठ्ठ्याहत्तरच्या आसपास होते. त्याने ढिगाऱ्यातून कागद काढवून घेतले, किल्ल्याच्या आवारात लाकडी छप्पर उभारून त्यात ते ठेवले आणि १७५७ मध्ये सां बेंतूच्या मठात हलवले. बहुतांश दफ्तर वाचले. खाली नदीकाठच्या रिबेइरा राजवाड्यात ‘कासा दा इंडिया’ या पूर्वेच्या व्यापार-कचेरीचे दफ्तर होते. ते मात्र राजवाड्याबरोबर नष्ट झाले. भारताच्या इतिहासाची एवढी कागदपत्रे एका दिवसात गेल्याचे दुसरे उदाहरण सहज सापडणार नाही. त्या पार्श्वभूमीवर मायाच्या धडपडीचे मोल कळते.

दुपारी आग्वास लिव्रेस जलसेतूकडे जावे. १७३१ मध्ये राजाज्ञा निघाली आणि १७४८ मध्ये शहरात पाणी आले. मधल्या काळात, १७३९ मध्ये, चिमाजी अप्पांनी पोर्तुगीजांकडून वसई घेतली होती. कामाच्या सुरुवातीच्या वर्षांत ते सांभाळणाऱ्या अभियंत्यांमध्ये माया होता. खर्च भागला तो मांस, तेल आणि दारू यांवरच्या करातून, म्हणजे लिस्बनकरांच्या खिशातून. आल्कांतारा खोऱ्यावरच्या ३५ कमानींपैकी सर्वांत उंच कमान सुमारे ६५ मीटरची आहे. भूकंपात हा जलसेतू उभा राहिला. तो चालत पाहण्याचे प्रवेशद्वार कांपोलीदला आहे.

सोमवार बायशासाठी, म्हणजे भूकंपानंतर नव्याने बांधलेल्या खालच्या शहरासाठी. ४ डिसेंबर १७५५ रोजी, म्हणजे भूकंपाला पाच आठवडेही होण्याआधी, मायाने शहराच्या पुनर्बांधणीवरच्या आपल्या प्रबंधाचा पहिला भाग सादर केला; पुढचे दोन भाग १७५६ मध्ये आले. त्यात त्याने पाच पर्याय मांडले: शहर होते तसे बांधणे, फक्त रस्ते रुंद करणे, रस्ते रुंद करून घरांची उंचीही कमी करणे, खालचा भाग पूर्ण पाडून, ढिगारा पसरून नवी आखणी करणे, किंवा बेलेमच्या बाजूला नवे शहर वसवणे. जागामालकांच्या हक्कांचा प्रश्नही त्याने टाळला नाही. संकटात हुकूम सोडणे सोपे असते. या म्हाताऱ्या अभियंत्याने राज्यकर्त्यांपुढे पर्याय ठेवले आणि प्रत्येकाचे फायदे-तोटे मांडले. शहररचनेच्या इतिहासात या कागदाला फार वरचे स्थान मिळायला हवे.

चौथ्या पर्यायाच्या धर्तीवर एउजेनियो दूस सांतुस आणि कार्लुस मार्देल यांनी नकाशे पूर्ण केले. काटकोनात छेदणाऱ्या रस्त्यांना १७६० मध्ये धंद्यांप्रमाणे नावे मिळाली. सोनारांचा, चांदीकामवाल्यांचा, चांभारांचा असे रस्ते आजही आहेत. घरांच्या भिंतींत फुल्यांच्या आकाराचे लाकडी सांगाडे बसवले, धक्क्याने घर हलेल पण कोसळू नये म्हणून. आग पसरू नये म्हणून शेजारच्या घरांमधल्या भिंती छपराच्या वर नेल्या. रुआ दूस कुर्रेएइरुसवरच्या एका बँकेच्या तळघरात रोमन काळातले मासे खारवण्याचे हौद आणि त्याच उत्खननात मिळालेले अठराव्या शतकातले लाकडी खुंट दाखवतात. ओलसर जमिनीत ठोकलेले हे खुंट पाण्याखाली राहिले म्हणून टिकले. ही फेरी मार्गदर्शकाबरोबरच होते. वेळ आधी ठरवावी. वर कार्मोच्या चर्चचे छप्पर भूकंपात कोसळले, ते पुन्हा पूर्ण घातलेच नाही.

सोमवारी दुपारी मेट्रोच्या पिवळ्या मार्गिकेवरील सिदाद उनिव्हर्सितारिया स्थानकाला जावे. १९९० पासून तोर्रे दो तोंबो तिथल्या नव्या इमारतीत आहे. ब्राझीलची पहिली वार्ता देणारे १५०० सालचे पेरो वाझ द कामिन्यचे पत्र इथे आहे. मराठी वाचकाला जास्त जवळची आहेत ती ‘मोन्सोंइश’ची पुस्तके: पावसाळी वाऱ्यांच्या हिशेबाने जाणाऱ्या जहाजांतून लिस्बन आणि गोवा यांच्यात झालेला पत्रव्यवहार. १७५५ मध्ये ही पुस्तके गोव्यात होती म्हणून वाचली. पुढे त्यांतला एक भाग लिस्बनला आला आणि उरलेला गोव्याच्या पुराभिलेखागारात राहिला. मराठे आणि पोर्तुगीज यांच्या संबंधांचा अभ्यास दोन्ही संग्रह धरूनच करावा लागतो. वाचनकक्षासाठी ओळखपत्र न्यावे आणि हवे असलेले क्रमांक दफ्तरखान्याच्या संगणकीय सूचीतून आधीच काढून ठेवावेत. नाहीतर दुपार शोधण्यातच जाते.

मंगळवारी बेलेम. सकाळी लवकर पोहोचल्यास रांग कमी लागते आणि दुपारपर्यंत मठ व बुरूज दोन्ही होतात. हाती दोनच दिवस असतील, तर बेलेम वगळावे. किल्ला, जलसेतू, बायशा आणि दफ्तरखाना यांतले काही वगळू नये.