फुकट नको, वर्गणी हवी

सॉफ्टवेअरचा उद्योग म्हटला की गुंतवणूकदारांचे कोट्यवधी रुपये, शेकडो इंजिनिअर आणि काचेची उंच इमारत डोळ्यांपुढे येते. एकट्या माणसाने एक संकेतस्थळ उभारावे, त्यावर संसार चालवावा आणि बड्या कंपन्यांची उत्पादने बंद पडत असताना आपण टिकून राहावे, यावर अनेकांचा विश्वास बसत नाही. त्यांनी ‘पिनबोर्ड’ची गोष्ट समजून घ्यायला हवी.

माचेय त्सेग्वोफ्स्की हा पोलंडमध्ये जन्मलेला अमेरिकी प्रोग्रामर पूर्वी याहूत नोकरीला होता. जुलै २००९ मध्ये त्याने पिनबोर्ड सुरू केले. इंटरनेटवर वाचलेल्या पानांचे दुवे टॅग लावून साठवायचे आणि हवे तेव्हा शोधून काढायचे, एवढेच त्याचे काम. कल्पना नवी नव्हती. २००३ मध्ये सुरू झालेले ‘डिलिशस’ हेच काम फुकट करत होते आणि २००५ मध्ये याहूने ते विकतही घेतले होते.

त्सेग्वोफ्स्कीने मात्र नोंदणीलाच शुल्क ठेवले. सुरुवातीला ते अगदी थोडे होते. प्रत्येक नव्या सभासदागणिक ते सेंटच्या अंशाने वाढे, म्हणून येणाऱ्याला लवकर येण्यात फायदा दिसे. मोफत संकेतस्थळांना पोखरणारे जाहिरातबाज शुल्कामुळे बाहेरच राहिले. सभासदांची गर्दीही एका माणसाला पेलेल अशा बेताने वाढली. दुव्यामागचे अख्खे पानच जपून ठेवायचे असेल, तर वर्षाला २५ डॉलरची वेगळी सोय होती.

डिलिशसचे हेलकावे

डिसेंबर २०१० मध्ये याहूच्या अंतर्गत बैठकीतली एक स्लाइड बाहेर फुटली. बंद करायच्या सेवांच्या यादीत डिलिशसचे नाव होते. धास्तावलेले लोक पिनबोर्डकडे धावले. तिथे त्यांना घरच्यासारखे वाटले, कारण त्सेग्वोफ्स्कीने आपली यंत्रणा डिलिशसशी जुळेल अशीच बांधली होती. जुने दुवे सहज आत घेता येत होते.

पुढच्याच वर्षी यूट्यूबचे संस्थापक चॅड हर्ली आणि स्टीव्ह चेन यांच्या कंपनीने डिलिशस घेतले आणि त्याची नव्याने मांडणी केली. त्यात टॅगमधले तिरप्या रेघेचे चिन्ह शोधात चालेनासे झाले. आवडत्या मालिका-कादंबऱ्यांवर कथा लिहिणाऱ्या चाहत्यांची सगळी वर्गवारी त्या चिन्हावर उभी होती. तुम्हाला काय हवे ते सांगा, असे त्सेग्वोफ्स्कीने त्यांना विचारले. त्यांनी एकत्र बसून मागण्यांचा लांबलचक, नीट लावलेला दस्तऐवज तयार केला आणि त्यातल्या बऱ्याच गोष्टी त्याने करून दिल्या. एवढ्याशा चिन्हामागची गरज नव्या मालक कंपनीच्या नजरेतून सुटली होती. ती ओळखायला वेळ देणे हीच एकट्या उद्योजकाची ताकद.

२०१५ मध्ये पिनबोर्डने एकदाच घ्यायचे शुल्क थांबवून वर्षाला ११ डॉलरची वर्गणी सुरू केली. जून २०१७ मध्ये तर त्सेग्वोफ्स्कीने खुद्द डिलिशसच ३५ हजार डॉलरना विकत घेतले.

आपल्याकडचा हिशेब

मराठी वाचकाला हा व्यवहार ओळखीचा आहे. वर्गणीदारांच्या भरवशावर आपल्याकडे मासिके वर्षानुवर्षे चालली. सॉफ्टवेअरचे गणितही तसेच मांडता येते. दरमहा ३०० रुपये देणारे ३०० ग्राहक मिळाले, तर महिन्याला ९० हजार रुपये जमा होतात. त्यातून सर्व्हरचे भाडे, पेमेंट गेटवेचे कमिशन आणि कर वजा करून उरते त्यात लहान शहरात एक घर नीट चालू शकते. दरमहा वसुलीसाठी मागे लागावे लागत नाही, कारण २०२० पासून यूपीआय ऑटोपे आले आहे. सेवेची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असेल, तर सहसा जीएसटी नोंदणीही लागत नाही.

कामाची वानवाही नाही. गृहनिर्माण सोसायटीचा देखभाल खर्च, शिकवणी वर्गाची फी, पॅथॉलॉजी लॅबचे रिपोर्ट अशा कामांत आजही वह्या आणि एक्सेलवर तासन्‌तास जातात. त्यातले एक काम निवडावे. कोड लिहिण्याआधी ते काम रोज करणाऱ्या पाच-दहा जणांकडे जाऊन बसावे आणि पहिल्या महिन्यापासून पैसे मागावेत. ‘छान आहे’ असे सगळेच म्हणतात. खरी गरज कळते ती खिशात हात घालणाऱ्याकडून.

एकटेपणाची जोखीमही मोठी आहे. रात्री सर्व्हर बंद पडला तर उठायचे आपणच, ग्राहकाचा फोनही आपणच घ्यायचा. आजारपण आले तर काम थांबते. म्हणून तंत्रज्ञान जुने, खात्रीचे आणि स्वतःला पाठ असलेले निवडावे. रोजचा बॅकअप आपोआप व्हावा. आपला सगळा डेटा हवा तेव्हा उतरवून घेण्याची सोय ग्राहकाला पहिल्या दिवसापासून द्यावी. एकट्या माणसावर विसंबणाऱ्याचा तो हक्कच आहे.

फुकट सेवेचे भवितव्य मालक कंपनीच्या बैठकीत ठरते आणि वापरणाऱ्याला तिथे आवाज नसतो. पैसे देणारा ग्राहक आणि त्या पैशांवर जगणारा कारागीर मात्र एकमेकांना बांधील असतात. आपल्या तालुक्यातल्या होतकरू प्रोग्रामरने नोकरी आणि स्टार्टअप यांच्या जोडीला हा तिसरा मार्गही गंभीरपणे पाहावा. त्याला गुंतवणूकदाराच्या होकाराची गरज नाही, पहिल्या दहा वर्गणीदारांची आहे.