यंत्रलिखित मजकूर आणि बनावट सदस्य : भाषिक पडताळणी

प्रस्तावना

मजकुराखाली ज्याचे नाव आहे, मजकूर त्याचाच आहे काय, हा प्रश्न मराठीच्या अभ्यासकांना नवा नाही. गंगाखेडच्या संत जनाबाईंच्या नावावरील सर्वच अभंग त्यांचे आहेत, असे अनेक अभ्यासक मानत नाहीत. नामदेवांच्या गाथेत सोळाव्या शतकातील विष्णुदास नामा यांच्या रचना मिसळल्या आहेत. म्हणून केवळ नाममुद्रेवर न विसंबता हस्तलिखितांची परंपरा, भाषेचा काळ आणि आशय यांचा एकत्रित विचार करावा लागतो. परसबाग, पक्षिनिरीक्षण अशा छंदांच्या ऑनलाइन समूहांत आज याच विवेकाची गरज आहे.

भाषिक खुणा

पाठासाठी रचलेले दोन नमुने पाहा.

(अ) ‘मिरचीची लागवड हा केवळ छंद नाही, तर आनंददायी प्रवास आहे. योग्य पाणी आणि पुरेसा सूर्यप्रकाश महत्त्वाचा असतो.’

(आ) ‘मे महिन्यात डब्यातली मिरची माना टाकायली. दुपारचं पाणी घातलं तर दोन रोपं गेली. आता सांजच्यालाच घालायलोय.’

‘अ’ मध्ये चूक एकही नाही. पण स्थळ, काळ, नुकसान यांपैकीही काही नाही. यंत्र पूर्वी वाचलेल्या मजकुराच्या आधारे पुढील संभाव्य शब्द निवडत जाते. त्यामुळे सर्वांना लागू पडणारी, गुळगुळीत वाक्ये सहज तयार होतात. ‘आ’ मध्ये ‘घालायलोय’ हे मराठवाडी क्रियारूप आहे. मात्र खरा पुरावा बोलीत नसून अनुभवाच्या तपशिलात आहे. बोलीची नक्कल यंत्रालाही करता येते.

वर्तनाच्या खुणा

बनावट सदस्य बहुधा वर्तनातून उघड होतो. खाते नवे असणे, दिवसरात्र तत्काळ लांबलचक उत्तरे देणे, एकच मजकूर अनेक समूहांत टाकणे, उपप्रश्न टाळणे आणि काही दिवसांतच बियाणे किंवा गुंतवणुकीची जाहिरात करणे, या खुणा एकत्र आढळल्यास सावध व्हावे. ‘कोणत्या मातीत लावले? कीड कधी आली?’ असे साधे प्रश्न विचारावेत. छायाचित्र अन्यत्र वापरले गेले आहे काय, हे गूगल लेन्सवर पाहता येते.

निष्कर्षाची मर्यादा

कोणतीही एक खूण निर्णायक नसते. ओपनएआय कंपनीने जानेवारी 2023 मध्ये यंत्रलिखित मजकूर ओळखणारे साधन आणले. कंपनीच्याच चाचणीत त्याने यंत्रलिखित इंग्रजी मजकुरापैकी केवळ 26 टक्के ओळखला आणि माणसांनी लिहिलेल्यापैकी 9 टक्के मजकूर यंत्राचा ठरवला. अचूकता कमी असल्याने जुलै 2023 मध्ये ते मागे घेण्यात आले. मग आपण केवळ अंदाजाने कोणाला बनावट ठरवावे काय? बोलीची लाज वाटून कष्टाने प्रमाण मराठी लिहिणारी व्यक्ती, किंवा टंकलेखन जमत नाही म्हणून भ्रमणध्वनीला तोंडी मजकूर सांगणारे आजोबा, यांचे लेखनही ठरावीक साच्याचे वाटू शकते. चारचौघांत आरोप झाला तर असा माणूस पुन्हा लिहिणार नाही. म्हणून शंका असल्यास प्रथम समूहचालकास खासगीत कळवावे. आर्थिक फसवणूक झाली असल्यास मात्र विलंब न लावता 1930 या क्रमांकावर तक्रार नोंदवावी.

स्वाध्याय

आपण सदस्य असलेल्या एखाद्या समूहातील पाच संदेश निवडा. प्रत्येकातील अनुभवाचे तपशील आणि सर्वसामान्य विधाने वेगळी करा. लेखकाविषयी निष्कर्ष काढण्यास हा पुरावा पुरेसा आहे काय, ते सकारण लिहा.